चार नंबरचा पाय

"आज स्वयंपाक नाही. आज मला गेम करायचाय," मीनाक्षी मॅडमनी सकाळीच जाहीर केलं.

"कुणाचा?" त्यांचे यजमान श्रीधरराव चहाचा कप घेऊन दोन पावलं मागं सरकले.

"कुणाचा काय? दिव्यांचा! दहा एलईडी एकामागून एक पळतात. मधला लाल लागला की बटण दाबायचं. नेमकं जमलं तर बजर वाजतो."

त्याचं असं झालं होतं, की मुख्याध्यापक काकासाहेबांनी आदल्या दिवशी भर स्टाफरूममध्ये मॅडमना टोमणा मारला होता. "मॅडम, तीस वर्षं तुम्ही फळ्यावरच दिवे लावले. परवा सकाळपर्यंत एक खरा लावून दाखवा, नाहीतर विज्ञान प्रदर्शनातलं तुमचं टेबल रांगोळीला देतो." आता रांगोळीला टेबल कशाला लागतं, हे विचारायचं सोडून मॅडम इरेला पेटल्या. त्यात हे काकासाहेब राहायला समोरच.

सामान कय्युमभाईंच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातलं होतं. पहिली टायमर चिप बसवली आणि ती अशी तापली, की मॅडमनी बोट थेट तोंडात घातलं. कय्युमभाईंना फोन लावला.

"मॅडम, चिप उल्टी बिठाए क्या? उसकी खाच देखो पैले!"

खाच बघून दुसरी चिप बसवली. एक तार सुटली, ती जोडली. ती जोडताना दुसरी सुटली. "अगं, रेडिमेड मिळत असेल की," श्रीधरराव म्हणाले. मॅडमनी त्यांच्यावर पकड रोखली. ते पोहे करायला गेले.

दुपारी चारला सेल जोडला. दिवे पळाले! पण बटणाला कुणी हात लावायच्या आत बजरनं जो गळा काढला, तो थांबेचना.

इथंच सगळा घोटाळा झाला. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. पडेगावच्या या नव्या कॉलनीत घरं भराभर उठली होती, पाणी मात्र आठ दिवसांनी पाऊण तास, तेही कधी येईल याचा नेम नाही. म्हणून कय्युमभाईंनी घरोघर नळाला बजर लावून दिले होते. पाणी आलं, की तो बोंबलायचा. मॅडमचा बजरही त्याच खोक्यातला.

"नळ आला वो!" शेजारच्या पारूबाई किंचाळल्या. धडाधड मोटरी सुरू झाल्या, कोरड्याच घरघरल्या आणि पाच मिनिटांत हंडे-कळश्यांसकट अख्खी कॉलनी मॅडमच्या दारात उभी राहिली. पुढं काकासाहेब, टॉवेलवर, दोन्ही हातांत बादल्या.

"आमच्याकडं टिपूस नाय, मग मॅडमकडंच कसा आला?" पारूबाईंनी विचारलं.

"चोरून लाइन घेतली का काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"पाणी नाही, गेम आहे! दोन मिनिटं गप्प बसा," मॅडम कडाडल्या. "चार नंबरचा पाय चुकलाय."

काकासाहेबांनी खाली बघून आपलाच पाय मागं घेतला. मॅडमनी चिपच्या चौथ्या पायाची तार उपसून लाल दिव्याला जोडली. बजर गप्प झाला. दिवे पळू लागले.

"दाबा सर."

काकासाहेबांनी दाबलं. हिरवा लागला. पुन्हा दाबलं. पिवळा. "एकदाच, शेवटचं," असं ते अकरा वेळा म्हणाले. बाराव्यांदा दाबलं आणि घराघरांतून बजर वाजू लागले.

"जिंकलो!" काकासाहेबांनी बादली हवेत फेकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जागचं कुणीच हललं नाही.

दहा मिनिटांनी पाणी सोडणारा पुंजाराम तावातावानं आला. "पाणी सोडून बसलोय, एकाची मोटर चालू नाय! मेले का काय समदे?"

क्षणात अंगण रिकामं झालं. उरला तो पुंजाराम. "ह्ये काय हाय बाई?" म्हणत त्यानं बटण दाबलं. हिरवा. "आँ?" पुन्हा हिरवा. मग तो मांडी घालूनच बसला.

पाऊण तास झाला, दीड झाला. हंडे भरले, टाक्या भरल्या, लोकांनी पातेली भरली, चहाचे कपसुद्धा भरले. सात वाजता लाल दिव्यावर बोट पडलं, बजर वाजला आणि पुंजाराम ताडकन उठला. "आयला, व्हॉल्व्ह!" तो पळत सुटला.

काकासाहेब दबकत आत आले. आता अंगात शर्ट होता.

"मॅडम, मानलं तुम्हाला. टेबल तुमचं."

मॅडम लगेच तारा आवरायला लागल्या. "मग उद्या दहाला आणते सर."

"उद्या कशाला? प्रदर्शन पुढच्या नळाच्या दिवशी घेऊ. शाळेत नको, व्हॉल्व्हच्या शेजारीच मांडू." मग इकडंतिकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला. "तोवर हे दिवे जरा जोरात पळवता येतील का?"