देवरावभाऊंचा कोड

पिपरी मेघेत आमच्या गल्लीतली लाईन, म्हणजे वीज, गेली, की तिकडे पुण्यात पल्लवीचं ऑफिस बंद पडायचं. थाप नाही मारत. पल्लवी म्हणजे शेजारच्या देवरावभाऊंची एकुलती एक मुलगी, आणि तिच्या कामाची किल्ली देवरावभाऊंच्या टेबलावरच्या कम्प्युटरात होती.

झालं असं, की पुण्याला नवी असताना पल्लवीचा मोबाईल रिक्षात राहिला. पासवर्डनंतर जो सहा आकडी कोड मागतात, तो दाखवणारं ॲप त्याच मोबाईलमध्ये. बिचारी कितीतरी दिवस स्वतःच्याच खात्याच्या दाराबाहेर उभी. देवरावभाऊंनी निकाल दिला, "मोबाईल हरपते. कम्प्युटर कुठी जाते? कोड माह्यापाशी ठेव."

सेलूजवळच्या मळ्यात वांगी-टमाटर पिकवण्यात हयात गेलेला हा माणूस, पण हट्टी. खातं परत मिळाल्यावर ॲप कम्प्युटरवर चढवलं. त्यात ती लांबलचक गुप्त अक्षरं पल्लवीने फोनवर सांगितली, आणि यांनी एका बोटाने टाइप केली. "बी? बैलाचा बी ना? अन् डी, डवऱ्याचा डी?" गुप्त अक्षरं साऱ्या गल्लीने ऐकली.

तेव्हापासून रोज सकाळी फोन.

"बाबा, कोड सांगा."

"सांगतो. जेवली काय?"

"बाबा, कोड!"

"भाजी कायची केली?" तोवर अर्धं मिनिट संपून आकडे बदललेले. "हा गेला. थांब, दुसरा येऊन राह्यला. तिकडे थंडी हाये काय?"

तीन-चार कोड वाया गेल्याशिवाय पोरीचं खातं काही उघडत नसे. लाईन गेली, की हे फाटकाशी उभे राहून खांबावर ओरडत, "अरे, तिकडे पोरगी खोळंबली!" शेवटी त्या कम्प्युटरला बॅटरी बसवली. घरातल्या पंख्यालाही नव्हती.

मी शाळेतून रिटायर झालेला, म्हणून ते मला गुरुजी म्हणतात. एकदा मी म्हटलं, "भाऊ, आधी आकडे सांगत जा ना." तर म्हणाले, "गुरुजी, कोडाचं काय, नवा येतेच."

वहिनींना, पल्लवीच्या आईला, जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्या घरातलं बोलणं त्यांच्याबरोबरच गेलं होतं.

यंदा दिवाळीला पल्लवी आली. म्हणाली, "बाबा, कोडचं ॲप मी माझ्याच लॅपटॉपवर घेतलं. आता तुम्हाले रोजचा त्रास नाई." तिने हे मायेनंच केलं होतं. "बरं केलं वो," देवरावभाऊ म्हणाले, आणि पोरगी किती हुशार झाली ते मला फाटकाशी कौतुकाने सांगितलं.

ती गेल्यावर सकाळचा फोन थांबला. मी पेपर मागायला गेलो, तर हे आपले कम्प्युटरसमोर. पडद्यावर पल्लवीच्या नावाखाली आकडे बदलत होते.

"आता काढून टाका ना हे," मी म्हटलं.

"राहू द्या. कोणाले काय त्रास देऊन राह्यलं?"

"मग तिला फोन करा."

"काय म्हणून करू?"

"सहज करायचा."

"सहज म्हंजे कसा?" ते खरंच विचारत होते.

मीच नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

"हॅलो... हो, मीच. नाई, काम काही नाई."

तिकडून पल्लवीचा आवाज मलाही ऐकू यायला लागला. "बाबा, काय झालं? पडले काय? छातीत दुखते काय? खरं सांगा! गुरुजीकाकांले द्या फोन!"

"काही नाई झालं, माय. ठेव, तुह्यं काम कर."

फोन ठेवून ते पुन्हा कम्प्युटरकडे वळले. मग हळूच म्हणाले, "बिनाकामाचा फोन केला, तं पोरगी घाबरली ना, गुरुजी."