सांबरशिंगी चाकू आणि त्याचं लाल खोकं

"माझ्या एकाबी चाकूला आजवर वारं लागलेलं न्हाय," असं सयाजीराव छाती काढून सांगायला लागले, की चिमणाबाई हमखास "चहा बघते" म्हणून आत उठून जायच्या. चहा ठेवलेला नसला तरी.

उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभं राहिलेल्या या माणसाला खिशातल्या चाकूंचा नाद होता. अडतीस चाकू, आणि त्यातला एकही खिशात नव्हता! सगळे आपापल्या मूळ खोक्यात, खोकी ट्रंकेत आणि ट्रंक पलंगाखाली. खोकं उघडायचं नाही, हा नियम. महिन्यातून एकदा ते एकेक खोकं कानाशी धरून हलवायचे. आत खुळखुळलं की नाडी ठीक लागलेल्या डॉक्टरसारखं तोंड करून खाली ठेवायचे. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, अडतीस बंद खोकी पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचे. बाकी संसारात त्यांची तक्रार एकच होती, की आपल्या घरात कालथे फार मोडतात.

त्यांचा जुना दोस्त गौस याचं शाहूपुरीत सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं दुकान. चाकूंचा नाद त्यालाही, पण खोक्याचं नाव काढलं की तो हसायचा.

"चाकू कापायला असतोय, सयाजी. खोक्यात झाकून ठेवायला ती काय नवी नवरी हाय?"

"खोकं म्हंजे त्याचा जन्माचा दाखला, लेका. तुझं चाकू म्हंजे रस्त्यावर सापडल्यागत."

हा वाद पन्नास वर्षं चालला होता. गौसची बायको फातिमा होती तोवर ती वाद सुरू झाला की न विचारता दुसरा चहा टाकायची. फातिमाला जाऊन आता दोन वर्षं झाली. वाद चालू होता, दुसरा चहा बंद झाला होता.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये काही हौशी पोरांनी जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं. त्यातला यशराज घरी आला.

"काका, तुमचा सगळ्यांत जुना चाकू द्या. एकच. मूळ खोक्यासकट. रविवारी सगळ्यांसमोर उघडू."

"लाल खोकं," सयाजीराव म्हणाले. "रविवारी मी सोता घेऊन येतो."

चिमणाबाई यशराजचा चहा तसाच हातात घेऊन आत परतल्या. कारण लाल खोक्यात चाकू नव्हता. मोडक्या कालथ्याचा दांडा होता. सयाजीराव चाळीस वर्षं दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहत आले होते.

तो चाकू घेतला तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोघं गगनबावड्याला निघालेली, एस.टी. धुक्यात बंद पडली, आणि शेजारच्या बाकावर मालवणचा एक खलाशी होता. त्याच्या पिशवीतून हा सांबरशिंगी मुठीचा चाकू निघाला, लाल खोक्यासकट. मुठीवर विडीनं भाजल्याचा तांदळाएवढा काळा डाग. चिमणाबाईंना त्या महिन्यात साडी यायची होती, तिच्याऐवजी चाकू आला. त्या रुसल्या. तेव्हा सयाजीरावांनी रस्त्याकडेला एका म्हातारीकडून काकडी घेतली, त्या चाकूनं सोलली, चार फाका केल्या, कागदातलं मीठ भुरभुरलं आणि एकेक फाक त्यांच्या हातात दिली. तशी काकडी नंतर जन्मात खायला मिळाली नाही. मग पातं बायकोच्या पदराला पुसलं, चाकू खोक्यात गेला, आणि नियम सुरू झाला.

दहाएक वर्षांनी गौसची धाकटी बहीण रुबीना हिचं लग्न निघालं. फातिमाच्या मदतीला चिमणाबाई गेल्या. अंगणात कांद्याचा ढीग, आणि धारवाल्याच्या घरात एका सुरीला धार नाही! चिमणाबाई तडक घरी आल्या, लाल खोकं उघडलं, चाकू कमरेला खोचला आणि संध्याकाळपर्यंत दोन पोती कांदा चिरला. मांडव उतरला, बिर्याणीची मोठी देग पुसायच्या टॉवेलांसकट माळ्यावर गेली, आणि बघतात तर चाकू नाही. दोघींनी सालपटं चाळली, जाजमं झटकली, शेवटी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. खोकं खुळखुळायला तर पाहिजे. तेव्हा कालथा कामी आला.

आता काय करायचं? तसाच दिसणारा चाकू मिळवायचा, प्रदर्शन पार पाडायचं आणि परत द्यायचा. दोन दिवसांचं काम, चिमणाबाईंनी मनाशी म्हटलं. शुक्रवारी त्या गौसच्या दुकानात गेल्या. तो पेरू कापत बसला होता.

"भावजी, शिंगाच्या मुठीचा एखादा चाकू हाय का? दोन दिवस पायजे होता."

"ह्योच न्या की, वहिनी." गौसनं पातं विजारीला पुसलं आणि मिटलं. "पर सोमवारी परत द्या. फातिमा गेल्यावर लग्नातली मोठी देग काढली, तर तिच्या तळाला टावेलात गुंडाळलेला घावला. माझ्यासाठीच लपवून ठेवलावता बघा तिनं. द्यायचं ऱ्हायलं."

चिमणाबाईंनी चाकू हातात घेतला. मुठीवर तांदळाएवढा काळा डाग होता.

खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण गौस त्या चाकूकडं असा बघत होता की त्या "सोमवारी देते" एवढंच म्हणाल्या. त्या घरी आल्या. दुपारी सयाजीराव घोरत असताना चाकू लाल खोक्यात गेला आणि कालथ्याचा दांडा चाळीस वर्षांच्या पूजेनंतर भंगारात गेला.

रविवारी हॉल भरला होता. गौस पहिल्या रांगेत. यशराजनं पांढरे हातमोजे चढवून खोकं उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पन्नास वर्षं," सयाजीराव म्हणाले. "माझ्याबिगर कुणी पातं बघितलेलं न्हाय."

यशराजनं चिमटीत धरून पातं उघडलं आणि थांबला. "काका, यात पेरूची बी आहे."

"कसली बी?"

"पेरूची. अजून नीट वाळलीपण नाही."

गौस उठून पुढं आला. त्यानं चाकू बघितला. "ह्यो माझा चाकू हाय."

"तुझा? खोक्यात माझ्या आणि चाकू तुझा?"

"खोक्याचं मला ठाव न्हाय. परवा पेरू कापलाय म्या त्यानं."

सयाजीरावांचा चेहरा ट्रंकेच्या पत्र्यासारखा झाला. "म्हंजे ट्रंकेपतोर पोचलास तू. पन्नास वर्षं घरात येतोयस ते एवढ्यासाठी?"

गौसनं एकवार चिमणाबाईंकडं बघितलं, पण त्यांचं नाव घेतलं नाही. हळूच म्हणाला, "सयाजी, मला चोर म्हनतोस?"

चिमणाबाई उठल्या. गुडघे दुखत होते, तरी उठल्या. रुबीनाचं लग्न, दोन पोती कांदा, मांडव, देग, कालथा, सगळं सांगितलं. मधे थांबल्या असत्या तर पुन्हा बोलता आलं नसतं.

सयाजीरावांनी रिकामं लाल खोकं कानाशी धरून हलवलं. मग म्हणाले, "म्हंजे मी चाळीस वर्षं पूजा केली ती..."

"कालथ्याची. पर मनापासनं केलीसा. पोचली असंल."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. गौसनं मात्र चाकू मिटला आणि सयाजीरावांपुढं धरला. "घे. तुझा हाय. फातिमानं माझ्यासाठी ठेवला, असं वाटलंतं मला."

सयाजीरावांनी चाकूकडं बघितलं, मग गौसकडं. "माझ्याकडं दहा वर्षं हुता. भाभीच्या देगेत अडतीस. तुझाच हाय त्यो."

"न्हाय, न्हाय."

"ठेव म्हनतोय न्हवं? चुकलं माझं. ठेव." आणि त्यांनी लाल खोकं उचलून गौसच्या हातात कोंबलं. "पर खोक्याबिगर देनार न्हाय मी."

गौसनं आयुष्यात पहिल्यांदा वाद न घालता खोकं घेतलं.

घरात पाऊल टाकल्याबरोबर सयाजीरावांनी पलंगाखालून ट्रंक ओढली. चिमणाबाईंना वाटलं, आता उरलेल्यांना कुलूप लागणार.

"त्या चाकूनं कांदं कापलं, पेरू कापलं, त्यो कुणाची तरी आठवन झाला," सयाजीराव म्हणाले. "बाकीच्या सदतीसांनी काय पाप केलंय? काकडी हाय का घरात?"

"हाय की. कशाला?"

"आन. मीठ बी आन. गगनबावड्याला दिलती तशी सोलून देतो तुला."

चिमणाबाईंचे डोळे भरून आले. पन्नास वर्षांनी का होईना, माणसाला काकडी आठवली! पदर डोळ्यांना लावता लावता त्यांनी बघितलं, सयाजीरावांनी निळं खोकं उचललं होतं आणि झाकणाच्या फटीत नख घातलं होतं.

निळ्या खोक्यातला चाकू इचलकरंजीला थोरल्या लेकीच्या ओट्यावर होता. हिरव्यातला धाकटीकडं. पिवळ्यातला शेजारच्या धोंडुबाईला बाळंतपणात डिंकाचे लाडू केले, तेव्हा खोबरं कापायला दिला होता. एकंदर किती, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. कालथे मात्र फार मोडले होते.

चिमणाबाई उठल्या.

"चहा बघते," म्हणाल्या.