आठाला त्रेचाळीस

आमच्या कॉलनीत एखाद्या गाडीच्या टायरवर खडूची रेघ दिसली, तर ती गाडी मुळेकाकांनी तपासली आहे असं समजावं. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे ते एक रेघ टायरवर ओढतात, एक रस्त्यावर. मग गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा करतात आणि ती किती पुढे गेली ते टेपने मोजतात. गाडी कोणाची, ही चौकशी नंतर. उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या एका लग्नात त्यांनी फुलांनी सजवलेली गाडी अशीच सात फूट पुढे नेली. आत नवरदेव होता. तो उतरू लागला तर काका म्हणाले, "बसा, बसा. वजनासकट माप बरोब्बर येतं."

दिगंबर मुळे, वय एकाहत्तर. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. अविवाहित. दारात सरकारी लिलावात घेतलेली जुनी फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर जोडता येणारी जीप. तिच्या एक्सलमध्ये, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यात, एक लहान दातेरी चाक मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. लहानाला अकरा दाते, मोठ्याला सत्तेचाळीस. काकांनी जीपला अठ्ठावीस इंचांऐवजी तेहतीस इंचांचे टायर घातले आणि तेव्हापासून या दात्यांनी त्यांना झोपू दिलं नाही.

"टायर मोठा झाला की गाडीची ढांग वाढते," ते सांगत. "ढांग वाढली अन् दम तेवढाच राहिला, तर चढावर गाडी मान टाकते. मोठ्या टायरला आठाला त्रेचाळीसच पाहिजे. इंजिनानं जास्त फेरे मारायचे, चाकानं कमी. तुम्ही समजून नाही राहिले."

मी त्यांचा शेजारी, मी समजलो होतो. दूधवालाही समजला होता. वडिलांच्या श्राद्धाला राम घाटावर संकल्प चालू असताना त्यांनी हेच गुरुजींना समजावलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, "यजमान, पहले पिताजी का नाम लीजिए."

माणसंही ते याच मापाने मोजत. कोपऱ्यावरच्या बँकेतल्या कारकुनाने तीन मजली घर बांधायला काढलं, तेव्हा काका कुंपणाशी उभे राहून बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, "टायर तेहतीसचा, दाते जुनेच. चढावर बघू." घर दीड मजल्यावर थांबलं. काकांना त्याचा आनंद झाला नाही. ते त्या कारकुनाकडे जाऊन तासभर बसून आले.

हा सगळा उद्योग हौसेचा आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. तो अक्कांसाठी होता.

इंदूअक्का त्यांची मोठी बहीण. उज्जैनपासून तीन तासांवरच्या एका पाड्यावर त्यांनी शाळेत शिकवलं आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिल्या. पुढे पडल्या, खुब्याचं हाड नीट जुळलं नाही, मोटरसायकलवर बसणं संपलं. पक्की सडक पाड्याच्या अलीकडेच संपते. मग धोंड्यांनी भरलेला नाला, आणि नाल्यानंतर उभा चढ. एका रविवारी त्यांनी फोनवर सांगितलं, "दिगू, आता मला घरी ने."

काका दुसऱ्याच दिवशी निघाले. नाल्यात जीपचं पोट धोंड्यांना लागलं, ते परत आले. म्हणून मोठे टायर. पुढच्या खेपेला जीपने नाला सहज ओलांडला आणि चढावर तीनदा बंद पडली. तिथून अक्कांच्या घराची कौलं दिसत होती. काका उलट्या गिअरमध्ये खाली उतरले.

त्यांचे मेकॅनिक सलीम उस्ताद. त्यांनी इंदूरच्या भंगारातून मागच्या एक्सलचा आठाला त्रेचाळीसचा जोड मिळवून बसवला. पुढचा काही मिळेना.

"साब, पीछे का लग गया. निकल जाओ," उस्ताद म्हणाले.

"पुढची चाकं एक म्हणतील, मागची दुसरं," काका मला म्हणाले. "चढावर चारही जोडावी लागतील. जोडली की आत काहीतरी तुटणार. मग अक्काला मध्येच घेऊन बसू का?"

हे खरं होतं. म्हणून ते थांबले. दर रविवारी अक्कांचा फोन येई. स्पीकर चालू असल्यामुळे मलाही ऐकू येई.

"दिगू, कधी येतोस?"

"पुढच्या एक्सलचं मिळू दे, अक्का."

"बरं. घाई करू नको."

पाच मिनिटांनी पुन्हा, "दिगू, कधी येतोस?" काका म्हणत, तिकडे नेटवर्क धड नाही, तिला ऐकू गेलं नसेल. असे चौदा महिने गेले.

मग एका दुपारी त्यांच्या दारात भाड्याची साधी व्हॅन थांबली. आत अक्का होत्या, सोबत पाड्यावरचा दयाराम. चार जणांनी त्यांना खाटेवर घालून चढ उतरवला, नाला ओलांडला आणि सडकेवर आणलं. अर्धा तास लागला होता.

काकांनी विचारलं, "ये पहले क्यों नहीं किया?"

"आपने कहा था जीप आएगी, साब," दयाराम म्हणाला. "हम रास्ता देखते रहे. अब बहनजी चूल्हा जलता छोड़ देती हैं, तो ले आए."

काकांचं गणित सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर होतं. जीप चढावर न्यायलाच हवी का, हे मात्र कोणी विचारलं नाही. वार्ताहर म्हणून प्रश्न विचारणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. मीही विचारलं नाही.

महिन्याभराने पुढचा जोड मिळाला. काकांनी तो बसवून घेतला. "अब कहाँ चढ़ोगे, साब?" उस्तादांनी विचारलं.

आता रोज संध्याकाळी ते अक्कांना जीपमध्ये बसवून राम घाटाकडे नेतात. अक्का नदी ओळखतात, घाट ओळखतात. काकांना ओळखत नाहीत. मुळ्यांच्या घरात हिंदी फक्त बाहेरच्यांशी बोलायची. अक्का आता काकांशी हिंदीत बोलतात.

परवा मी मागच्या सीटवर होतो.

"भैया, ज़रा धीरे," अक्का म्हणाल्या. "मेरा भाई पीछे आ रहा होगा."

"जी, बहनजी."

"लेने आने वाला था. आएगा न?"

"निकल चुके हैं," काका म्हणाले. "रास्ते में हैं."

त्यांनी जीप डावीकडे घेतली, आणखी हळू केली आणि मागच्या ऑटोवाल्याला हाताने पुढे जायला सांगितलं. अक्का मान वळवून, माझ्या खांद्यावरून, मागचा रस्ता बघत होत्या.