फुटक्या आवाजांची रांग

बिराजदार सरांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, पट्टी राहते. मी या शाळेत विज्ञान शिकवायला आले त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, मी 'मोरे' म्हणून सांगितलं, आणि ते म्हणाले, "काळी चार. पण दमला की पांढरी चारवर घसरताय. पाणी पीत जावा." तेव्हापासून आजवर त्यांनी मला नावानं हाक मारलेली नाही. स्टाफरूमच्या दारातून "काळी चार, तुमचा तास हाय की" असा आवाज आला की मी उठते.

पेटीच्या कुठल्या सुरावर माणसाचा गळा बसतो ती त्याची पट्टी, हे गाण्यातल्या लोकांना ठाऊक असतं. पालकांना नसतं. एकदा एक आई तणतणत आली, म्हणाली, माझ्या पोरीला सर वर्गात काळी दोन म्हणतात. सरांनी तिला बसवलं, पेटी उघडली आणि अर्धा तास सगळ्या पट्ट्या वाजवून दाखवल्या. बाईंनी मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "ते समजलं, पण तिला एखादी पांढरी देता येत नाही का?" सर म्हणाले, "गळा तिचा हाय, मी कोण देणारा?"

सर होटगीचे. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि राग आला की दोन्ही. "सुम्म कुंद्र" म्हणजे गप बस, हे आमच्या शाळेत पाचवीच्या मुलांना पहिल्या आठवड्यात समजतं. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी लवंगा. मुलगा चांगला गायला तर एक लवंग, वाईट गायला तरी एक लवंग. "मग फरक काय, सर?" असं मी विचारलं तर म्हणाले, "वाईट गाणाऱ्याला गरज जास्त."

शाळा सोलापूरच्या भवानी पेठेतली. निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, काही उर्दू, काही कानडी, आणि बोलणी सगळी मिळून मराठीत खातात. अशा शाळेत संगीत कशासाठी असतं असं कुणी विचारलं, तर मी सरळ सांगेन, पाहुणे उशिरा येतात म्हणून असतं. मुलं उन्हात उभी, हारातली फुलं माना टाकलेली, आणि गाडी दिसली रे दिसली की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, लांबून बोट दाखवतात. एकच कडवं घ्या, असा त्याचा अर्थ. सर मान डोलावतात आणि सगळी कडवी घेतात.

एकदा तर पाहुण्यांनी स्वागतगीत चालू असताना फोन काढला आणि बोलत बसले. सरांनी पेटीचा भाता मिटला. मुलं गप्प, सभा गप्प, पाहुणे एकटेच कुणाला तरी सिमेंटच्या पोत्यांबद्दल झापतायत. त्यांचं आटोपल्यावर सरांनी माइकवर नम्रपणे विचारलं, "झालं का साहेब?" आणि पहिल्या कडव्यापासून पुन्हा सुरुवात केली. मोठ्या बाई त्यानंतर आठवडाभर सरांशी बोलल्या नाहीत. सरांच्या ते लक्षात आलं नाही.

पण सरांचं खरं वेड म्हणजे मागची रांग.

आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो. काल गोड गाणारा पोरगा आज बोलायला गेला तर आधी चिरकतो, मग घोगरतो. बाकीच्या शाळा अशा मुलाला गाण्याच्या गटातून बिनबोभाट काढून टाकतात, कारण स्पर्धेत गुण जातात. सर नेमके अशांनाच शोधून आणायचे. आवाज फुटला असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "फुटायला ते काय मडकं हाय? खाली उतरतोय तो. उतरू दे की." पुढे मुली आणि लहान मुलं गाणं म्हणणार, आणि मागे भिंतीला लागून हे सगळे उंच, काटकुळे, मिसरूड फुटायला लागलेले पोरगे उभे. त्यांना शब्द नाहीत, चाल नाही. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्यांनी एकच सूर धरायचा, खालचा सा. स्टाफरूममध्ये या प्रकाराला फुटकी रांग म्हणत.

माझ्या नववीच्या वर्गातला इरफान या रांगेत होता. त्याचे वडील टेम्पो चालवतात. उत्तर येत असूनही हा बसून राहायचा, कारण एकदा तोंड उघडलं तेव्हा सगळा वर्ग खिदळला होता. सरांनी त्याला जिन्यात गाठलं. "नाव काय तुझं? बरं, ऱ्हाऊ दे, नाव काय कामाचं. उद्यापासून मागं उभा राहा. हलायचं न्हाई, लाजायचं न्हाई, सा सोडायचा न्हाई." दिवाळीनंतर एकदा मी वर्गात प्रकाशसंश्लेषण विचारलं, तर मागून असं भारदस्त उत्तर आलं की मला वाटलं कुणी पालक आत शिरले. इरफान होता. वर्ग हसला नाही. हसायची कुणाची हिंमतच झाली नसावी.

यंदा सर निवृत्त होणार होते. संगीताचं पद एकदा रिकामं झालं की पुन्हा भरत नाहीत, हे शाळेतल्या फरशीलाही माहीत आहे. पण मोठ्या बाईंनी निरोप आणला, की समूहगीताच्या जिल्हा स्पर्धेची ढाल यंदा शाळेत आली, तर संस्थेचे अध्यक्षसाहेब तासिका तत्त्वावर कुणीतरी ठेवतील, गाण्याची खोलीही राहील. सरांनी विश्वास ठेवला. मी नाही ठेवला, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

मग बाई खरं ते बोलल्या. "सर, मागची मुलं काढा. गेल्या वर्षी परीक्षकांनी काय लिहिलं होतं? मागून गुणगुण ऐकू येते."

"गुणगुण न्हाई ती. सा हाय."

"असू दे. एक दिवस नको. ढाल हवीय ना?"

सर तीन-चार दिवस भांडले. रांग काढली तर गाणं अधांतरी लोंबकळतं, म्हणाले. मोठ्या बाईंना अधांतरी लोंबकळणारी ढालही चालली असती. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही जाल मे महिन्यात घरी. पुढच्या मुलांचा विचार करा." हे बोलणं सरांना लागलं. रांगेतले पोरगे हेही कुणाचे तरी पुढचे-मागचे आहेत, असा विचार बाईंना सुचला नाही, आणि मी तिथेच होते, पण बोलून काय होणार होतं?

माझी प्रयोगशाळा गाण्याच्या खोलीला लागूनच आहे. सरांनी मुलांना सांगितलं ते मला ऐकू आलं. "एक दिवस, बरं का. तेवढी ढाल येऊ दे. मग तुमची जागा तुमची." मग इरफानचा आवाज आला, "सर, आमी नुसतं हुबं ऱ्हायलो तर? तोंड न उघडता?"

"न्हाई रे," सर म्हणाले. "तसं हुबं केलं तर मलाच लाज वाटंल."

ढाल आली. लहान मुलांनी छान म्हटलं, परीक्षकांनी आवाजाच्या एकसारखेपणाचं कौतुक केलं, आणि शाळेच्या गेटवर ढालीपेक्षा मोठा फ्लेक्स लागला. त्यावर अध्यक्ष होते, मोठ्या बाई होत्या, कोपऱ्यात ढाल होती.

सोमवारी सरांनी मागच्या रांगेला पुन्हा बोलावलं. कुणी आलं नाही. एकाला सर्दी, एकाचा घसा धरलेला, एकाला घरी काम. आता सोलापुरात मार्च महिन्यात, कोंबडीनं अंडं घातलं तर ते उकडलेलंच निघेल अशा उन्हात, कुणाला सर्दी होते हे मला विज्ञान शिकवूनही कळलेलं नाही. सर मधल्या सुट्टीत लवंगा घेऊन त्यांना गाठायचे. मुलं हात पुढे करायची, लवंग घ्यायची, "व्हय सर" म्हणायची, आणि यायची नाहीत. वर्गात इरफान आता हजेरीलासुद्धा बोलत नव्हता, नुसता हात वर करायचा. एवढ्या सभ्यपणे कुणी कुणाशी कायमची कट्टी घेतलेली मी पाहिली नव्हती.

सरांनी मला एकदा विचारलं, "काळी चार, ती पोरं तुमच्या तासाला बोलतात का?"

मी म्हणाले, "नाही."

"बोलवत जावा," ते म्हणाले. "आत्ता जर बंद झालं, तर मग मोठेपणी नुसती खेकसतात माणसं. घरात, बायकापोरांवर."

मग सत्काराचा कार्यक्रम झाला. पटांगणात मांडव, पुढे खुर्च्या, मागे सतरंज्या. मागच्या रांगेतले पोरगे सतरंजीच्या शेवटच्या टोकाला बसवले होते, कारण कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला दणकट मुलं लागतात. अध्यक्षसाहेब बोलायला उभे राहिले. ढाल हातात धरून त्यांनी संगीताचं महत्त्व सांगितलं, संस्कार सांगितले, संस्कृती सांगितली, आणि मग जाहीर केलं, की या देदीप्यमान यशाची प्रेरणा घेऊन येत्या जूनपासून गाण्याच्या खोलीत अद्ययावत डिजिटल वर्ग सुरू होईल. टाळ्या झाल्या. मोठ्या बाई वाजवत होत्या, म्हणून आम्हीही वाजवल्या. सरांकडे बघायचं माझं धाडस झालं नाही.

सूत्रसंचालकानं विजेतं गाणं पुकारलं. मुलं रांगेत आली. सर पेटीपाशी बसले, एक सूर लावून पाहिला आणि उठले. नववीतल्या एका मुलीला त्यांनी पेटीवर बसवलं. मग स्वतः रंगमंचाच्या मागच्या पडद्याला लागून, जिथे ती पोरं उभी राहायची, तिथे जाऊन एकटे उभे राहिले. गाणं सुरू झालं आणि सरांनी खालचा सा धरला.

अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ पाचवी-सहावीच्या मुलींमागे उभा राहून एकच सूर लावतोय, हे पाहून स्टाफमधल्या दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावले. अध्यक्षसाहेबांनी मोठ्या बाईंकडे वाकून विचारलं, "मागं जनरेटर चालू आहे का?"

सरांचा आवाज चांगला होता. पण सरांचा श्वास पुरत नव्हता. दर दोन ओळींनी त्यांना थांबावं लागत होतं, आणि ते थांबले की गाण्याखालून काहीतरी काढून घेतल्यासारखं व्हायचं. रांग असते तेव्हा एक जण श्वास घेतो, बाकीचे धरून ठेवतात, म्हणून सूर कधी तुटतोय हे आम्हाला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं. आता दर वेळी कळत होतं. सूर तुटला की मी सतरंजीच्या टोकाकडे बघत होते. कुणीतरी बसल्या जागेवरून धरेल असं मला वाटत होतं. नुसता एखाद्यानं, हळू. पोरं ऐकत होती, यात शंका नाही. इरफान मान खाली घालून बसला होता आणि सर थांबले की त्याचे खांदे वर यायचे, श्वास भरल्यासारखे. पण तो गायला नाही. कुणीच गायलं नाही. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, अध्यक्षांचा, बाईंचा, सरांचा, त्या पोरांचासुद्धा, आणि पोरांचा राग सगळ्यात आधी गेला.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. पोरं सवयीनं उठून खुर्च्या उचलायला लागली. सर घामाघूम होऊन पायऱ्या उतरले आणि इरफानसमोर थांबले. तो दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन उभा होता.

"एकट्यानं जमत न्हाई रे," सर म्हणाले. "दम लागतो."

"व्हय सर," इरफान म्हणाला. सरांना वाट द्यायला तो बाजूला झाला. सर हलले नाहीत, तेव्हा तोच खुर्च्या घेऊन पुढे गेला.

रंगमंचावरून मोठ्या बाई हाका मारत होत्या, "सर, या लवकर, ढालीबरोबर फोटो आहे." सरांनी वर पाहिलं नाही. त्यांनी शर्टाच्या बाह्या सारल्या, समोरची एक खुर्ची उचलली आणि कोठीकडे चाललेल्या पोरांच्या मागे, सगळ्यात शेवटी, चालायला लागले. पुढच्या मुलानं वळून पाहिलं आणि चाल थोडी हळू केली. इकडे फोटो काढून झाला.