बिघाड नसलेल्या संगणकाची दुरुस्ती

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता आवककाकांच्या संगणकात कोणताही बिघाड नव्हता, ही बाब प्रारंभीच नोंदवून ठेवणं आवश्यक आहे. नंतर याबाबत बरंच वेगवेगळं सांगितलं गेलं.

आवककाका आमच्या समोरच्या दारात राहतात. एका मोठ्या कचेरीच्या आवक-जावक विभागाचे ते प्रमुख. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर आलेला एकही कागद हरवला नाही आणि एकही विनाकारण पुढे गेला नाही. म्हणून मजल्यावर सगळे त्यांना आवककाका म्हणतात. जावक हा शब्द त्यांच्या नावात घालावा असं कधी कोणाला वाटलेलं नाही.

काकू शाळेत व्याकरण शिकवायच्या. चोपन्नाव्या वर्षी त्या प्रबंध पुरा करत होत्या. विषय होता ‘कार्यालयीन भाषेतील कर्त्याचा लोप’. कचेरीच्या पत्रात निर्णय घेण्यात येतो, अर्ज फेटाळण्यात येतो, दिलगिरीही व्यक्त करण्यात येते, पण हे सगळं करणारा माणूस वाक्यात कुठेच सापडत नाही. त्याला शोधण्यात काकूंची सात वर्षं गेली होती. “सातच?” काका म्हणायचे, “आमच्या खिडकीवर त्याला शोधत वीस-वीस वर्षं येणारे लोक आहेत.”

दोनशे अठरा पानं झाली होती. प्रबंध शनिवारी दुपारी बाराच्या आत विद्यापीठात दाखल व्हायचा होता. मुदत दोनदा वाढवून घेतलेली. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती.

संगणक नऊ वर्षांचा. चार महिन्यांपूर्वी तो इतका मंदावला होता की काकू बटण दाबून भाजी चिरायला जात. तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाने त्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी, हलकी कार्यप्रणाली घालून दिली. हा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. निघताना त्याने काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “भाऊजी, या लिनक्समध्ये काहीही हवं तसं बदलता येतं. म्हणूनच सांगतो, काहीही बदलू नका.”

काकांनी चार महिने काहीही बदललं नाही. पण या आठवड्यात पत्नीला मदत व्हावी म्हणून त्यांनी साठलेली रजा काढली होती आणि मदत काय करायची ते मात्र ठरलं नव्हतं. मंगळवारी काकू आंघोळीला गेल्या तेव्हा काका संगणकासमोर बसले आणि त्यांच्या लक्षात आलं, की पडद्यावरचं घड्याळ उजव्या कोपऱ्यात आहे. कचेरीत ते डाव्या भिंतीवर होतं. एकतीस वर्षं मान डावीकडे वळवून वेळ बघितलेल्या माणसाला हे खटकणारच. त्यांनी घड्याळावर टिचकी मारली, ते धरलं आणि डावीकडे ओढलं.

घड्याळ ज्या पट्टीवर होतं ती पट्टीच नाहीशी झाली.

काकू डोकं पुसत बाहेर आल्या. “अहो, खालची पट्टी कुठे गेली?”

“पट्टी निदर्शनास येत नाही,” काका म्हणाले.

“तुम्ही काढलीत?”

“ती निघालेली आहे.”

काकूंनी सात वर्षं या वाक्यरचनेचा अभ्यास केला होता. ती घरात, तेही स्वतःच्या खुर्चीत बसलेली, त्या प्रथमच पाहत होत्या. त्यांनी भावाला फोन लावला. तो एका रुग्णालयाच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. आवाज तुटत होता. “ताई, फाइल उघडते ना? मग पट्टीविना काम कर. मी गुरुवारी येतो. तोवर काही करू नका म्हणावं.”

काहीही न करणं ही खरं तर काकांची हातोटी. कचेरीत त्यासाठी त्यांची दोनदा प्रशंसा झाली होती. पण घरी ते जमेना. काकू दुपारी अर्धा तास पाठ टेकायला गेल्या आणि काकांनी लिनक्स वापरणाऱ्यांच्या एका मदतमंचावर आपलं गाऱ्हाणं मांडलं. ‘विषय: पट्टी पूर्ववत होणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये नम्र विनंती की…’

चार मिनिटांत उत्तर आलं. ‘हा प्रश्न पूर्वीच विचारला गेला आहे. बंद.’ सोबत जुन्या प्रश्नाचा दुवा होता. तो काकांनी उघडला. तिथे लिहिलं होतं, ‘हाही पूर्वीच विचारला गेला आहे. बंद.’ असे पाच बंद प्रश्न ओलांडून काका बारा वर्षांपूर्वीच्या मूळ प्रश्नाशी पोहोचले. अगदी हीच अडचण कोणा एका माणसाला आली होती आणि त्याखाली त्यानेच लिहिलं होतं, ‘सुटलं! सर्वांचे आभार.’ कसं सुटलं, याचा उल्लेख नव्हता.

दुसरा कोणी असता तर चिडला असता. काकांचा ऊर भरून आला. जगात कुठेतरी, एकमेकांची तोंडंही न पाहिलेली माणसं, कोणाचा हुकूम नसताना, केवळ आवडीखातर इतकं चोख काम करत होती! “ही आपली माणसं आहेत,” ते मला जिन्यात म्हणाले.

या मंचावरच्या सर्वांत ज्येष्ठ सदस्याने मूळपुरुष असं टोपणनाव घेतलं होतं. त्याच्या नावापुढे चौदा तारे होते. काकांच्या पत्रातल्या ‘उपरोक्त विषयान्वये’मुळे तो प्रसन्न झाला असावा, कारण त्याने स्वतः उत्तर दिलं. पट्टी परत आणणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे, असं त्याचं मत पडलं. पडद्याची सबंध मांडणीच जुनाट होती. ती काढून नवी घालावी. त्यासाठी त्याने एका ओळीची आज्ञा लिहून दिली. काकांनी ती अक्षरशः उतरवली. यंत्राने विचारलं, ‘४१२ अनावश्यक गोष्टी काढल्या जातील. पुढे जायचं? होय/नाही.’

एकतीस वर्षांत काकांनी कोणत्याही कागदावर पहिल्या फेरीत ‘होय’ लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहून पाहिलं. बरं वाटलं.

पाच वाजता काकूंनी प्रबंध उघडला. दोनशे अठरा पानांवर ओळीने चौकोन उभे होते. यंत्राच्या मते ज्या चारशे बारा गोष्टी अनावश्यक होत्या, त्यांत आपल्या लिपीची सगळी अक्षरं होती.

“हे काय आहे?” काकूंचा आवाज फार हळू झाला होता.

“चौकोन आहेत,” काका म्हणाले, आणि खरोखरच त्यांना धीर द्यायचा होता म्हणून पुढे म्हणाले, “एकसारखे आलेत पण.”

काकू स्वयंपाकघरात गेल्या. भांडी आपटल्याचा आवाजही आला नाही, त्याने काका जास्त घाबरले. घाबरलं की ते नियमावली करतात. बुधवारी सकाळी संगणकाच्या खोलीच्या दारावर कागद लागला: ‘दुरुस्ती प्रगतिपथावर आहे. कुटुंबीयांनी अडचणी विहित नमुन्यात सादर कराव्यात. भेटण्याची वेळ ११ ते ११.३०.’ दोन तासांत खाली आणखी चार कागद लागले. एकात आवाज बंद पडल्याबद्दल दिलगिरी होती, एकात छपाईयंत्र ओळखू येईनासं झाल्याची नोंद होती, आणि शेवटच्यात आधीचे चारही कागद रद्द समजावेत असं होतं.

काकूंनी नमुना भरला. ‘तुम्ही माझा संगणक मोडलात. माझा प्रबंध आहे त्यात. तो मला परत द्या.’ पंधरा मिनिटांनी अर्ज दाराखालून परत आला. वर लाल शाईत शेरा होता: ‘कर्ता वगळून पुन्हा सादर करावा.’

काकूंनी तो शेरा तीनदा वाचला. मग कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला, चपला घातल्या आणि त्या प्रबंधाच्या मार्गदर्शक बाईंकडे निघून गेल्या.

त्या गेल्यावर काकांना पहिल्यांदा वाईट वाटलं असावं. बायको परत यायच्या आत सगळं पूर्ववत, किंबहुना पूर्वीहून चांगलं करून ठेवायचं त्यांनी ठरवलं. मंच आता ते फोनवर बघत होते, आणि मूळपुरुषाने संपूर्ण लिनक्स नव्याने घालण्याचा सल्ला दिला होता. काकांनी ते कामही सुरू केलं. या वेळी त्यांनी आठवणीने आधी आपली भाषा निवडली, त्यामुळे यंत्राने शुद्ध शब्दांत विचारलं, ‘डिस्क पुसायची आहे का?’

काका मुळात टापटिपीचा माणूस. नऊ वर्षांत कोणी पुसली नसेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ‘होय’ दाबलं.

गुरुवारी मेहुणा आला तेव्हा त्याच्या कपड्यांना वंगणाचा वास येत होता. त्याने वीस मिनिटं पडद्यावर काहीतरी केलं आणि मग हात मांडीवर ठेवून बसला.

“भाऊजी, काही उरलेलं नाही.”

“पुसलं गेलं आहे,” काकांनी दुरुस्ती केली.

“ताईची सात वर्षं होती यात.”

काका उत्तर देणार होते. तोंड उघडलंही. पण मेहुणा ज्या नजरेने त्यांच्याकडे बघत होता तिच्यासमोर त्यांना कर्ता वगळता येईना. “मी केलं,” ते म्हणाले. एवढं छोटं वाक्य त्यांनी बऱ्याच वर्षांत उच्चारलं नसावं. दोन शब्दांनंतर त्यांना पाणी प्यावं लागलं.

काकूंनी मात्र आठ प्रकरणं एकेक करून मार्गदर्शक बाईंना पूर्वीच पाठवली होती. ती त्यांच्याकडून परत मिळाली. नवव्या प्रकरणाची एकोणीस पानं, म्हणजे निष्कर्ष, कुठेही नव्हती. गुरुवारी दुपारी काकू आमच्या घरी आल्या. मी इमारतींचे नकाशे काढतो. माझा संगणक साधा, काळ्या डब्याचा, आल्या दिवसापासून जसा आहे तसाच आहे.

“अरे, दोन दिवस बसू का इथे?”

“बसा की काकू. माझं काम मी हाताने काढीन.”

त्या बसल्या. पर्समधून घडी केलेला कागद काढून त्यांनी शेजारी ठेवला. दारावरचे पाचही कागद मेहुण्याने सोलून आणून दिले. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत निष्कर्ष लिहून झाला. तो एकोणीसऐवजी सत्तावीस पानांचा झाला आणि, मार्गदर्शक बाईंच्या मते, पहिल्यापेक्षा कितीतरी जिवंत झाला. शनिवारी अकरा चाळीसला काकूंनी प्रबंध विद्यापीठाच्या खिडकीत दिला. आतल्या माणसाने पानांचा समास मोजला, तो बरोबर निघाल्यामुळे थोडा हिरमुसला, आणि शिक्का मारला.

दोन महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावच्या परीक्षकांनी शेवटच्या प्रकरणातला लाल शाईचा शेरा उलटसुलट करून पाहिला. “असा नमुना आम्ही आजवर पाहिला नाही. याचा कर्ता सापडला का तुम्हाला?”

“सापडला,” काकू म्हणाल्या, “बाहेर डबा घेऊन बसलेत.”

एवढ्यावर हे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. काकूंना पदवी मिळाली, भावाने त्यांना वेगळा संगणक आणून दिला आणि काकांना त्या खोलीत जायला बंदी झाली. पण जुना संगणक काकांकडेच राहिला आणि त्यावर ते दर रविवारी बसत राहिले. आता त्यावर तळ्याचं चित्र आहे. त्या तळ्यात पाणी हलतं. खिडक्या काचेसारख्या आरपार दिसतात, त्यामुळे त्यांतला मजकूर वाचता येत नाही. छपाई होत नाही. आवाज फक्त डाव्या बाजूने येतो. काकांनी पडद्याचा फोटो मंचावर टाकला. त्याला पसंतीचे तीनशेच्या वर बदाम पडले आणि मूळपुरुषाने खाली एकच शब्द लिहिला, ‘देखणं.’

“पण यावर करायचं काय?” काकूंनी विचारलं.

“बघायचं,” काका म्हणाले.

मग मजल्यावरचे लोक बघायला येऊ लागले. वरच्या दंतवैद्य बाई आल्या, तळमजल्यावरचा शिंपी आला. प्रत्येकाने तळ्यातलं हलतं पाणी पाहिलं, घरी जाऊन आपला पडदा पाहिला, आणि तो किती ओकाबोका आहे हे प्रत्येकाला एकदम जाणवलं. काकांनी अर्जाचा नमुना छापून आणला. दंतवैद्य बाईंच्या रुग्णांच्या नोंदी गेल्या सोमवारी चौकोन झाल्या, पण त्यांच्या पडद्यावर आता पानगळ होते, आणि दात काढून घ्यायला आलेली माणसं ती बघत शांत बसतात. शिंप्याचा नंबर या आठवड्यात आहे.

मीही अर्ज दिला. क्रमांक अकरा. काकूंना कळलं तेव्हा त्या तडक माझ्या दारात आल्या.

“अरे, वेडा आहेस का? तुझा तर चालतोय!”

“चालतोय ना, काकू,” मी म्हणालो. “पण नुसताच चालतोय.”

त्यांनी दारातूनच माझ्या काळ्या डब्याला नमस्कार केला आणि त्या गेल्या. व्याकरण शिकवणाऱ्या माणसांना सौंदर्याची बाजू कळत नाही, त्याला कोण काय करणार? तुम्ही तसे नसाल. तुमच्याकडेही एखादी वस्तू असेलच, वर्षानुवर्षं तक्रार न करता मुकाट काम करणारी. बारावा क्रमांक अजून मोकळा आहे. पण लवकर ठरवा, कारण हे वाचताना तुम्ही एकदा तिच्याकडे बघितलंत, ते आम्हाला कळलं आहे.