गोटू कुणाला बुडू देत नाही

"पप्पा, तुम्हाला खरंच पोहता येतं का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून मोनालीने विचारलं. तिला पोहण्याच्या क्लासला जायचं होतं आणि पप्पा, म्हणजे नंदकुमार सर, दरवर्षी एकच सांगत, "क्लास कशाला बेटा, मी शिकवतो ना." पुरातली तापी त्यांनी तरुणपणी पोहून पार केली होती, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

"येतं का म्हणजे? रविवारी राजघाटावर चल, दाखवतो."

"गोटूलाही घेऊ," मम्मी म्हणाली. "कूलरसमोरून हलत नाही. सोफ्यावर लाळ, भाजीत केस."

गोटू हा योगेंद्रमामाचा न्यूफाउंडलंड कुत्रा, आठवड्यासाठी इथे ठेवलेला. अंगाने रेडा, स्वभावाने गाय. मामाने बजावलं होतं, "रोज विंचर, आणि पाण्याजवळ साखळी सोडू नको. कोळ्यांच्या कामाची जात आहे. पाण्यात माणूस दिसला की याला वाटतं, बुडून राहिला."

रविवारी घाटावर मोनालीने साखळी सोडली नाही. गोटूनेच ती तिच्या हातातून नेली.

पाण्यातून आधी निघाले रोज घाटावर येणारे शालिग्रामआजोबा. कमरेएवढ्या पाण्यात सूर्याला अर्घ्य देत होते. गोटूने धोतराचा सोगा धरून त्यांना तांब्यासकट काठावर आणलं. "मंत्र अर्धा राहिला ना रे," म्हणत आजोबा पुन्हा शिरले. गोटूने पुन्हा काढलं. मग रंभाबाई, शेवटची डुबकी बाकी असताना, मनगट हळूच तोंडात धरून.

"पोरी, आवर तुझं अस्वल. पुण्य कमवू देईना."

"आजी, तो तुम्हाला वाचवून राहिला."

"कशापासून?"

सगळा घाट गोटूकडे बघतोय, हीच संधी साधून पप्पा चटकन पाण्यात उतरले. शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकला आणि वर फक्त दोन हात दिसले. "पप्पा!" मोनाली ओरडली. तोवर गोटू पोचलाही होता.

बाकीचे काठावर येताच गोटूला शिव्या घालत होते. पप्पांनी मात्र त्याच्या मानेला मिठी मारली होती.

"पप्पा, काठ आला."

"माहीत आहे." तरी हात सुटेनात.

मम्मीने टॉवेल दिला. "आज पूर नव्हता ना, म्हणून जमलं नसेल."

पप्पांनी टॉवेलात तोंड खुपसलं. गोटूने अंग झटकून तिघांना न्हाऊ घातलं. मोनालीने तोंड पुसलं.

"गोटू शनिवारी परत जाईल," ती म्हणाली. "घरात कुणाला तरी पोहता यायला पाहिजे. मी उद्यापासून क्लासला जाणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय."