तीन बोटांची शाल

नवेगाव बांधचे मासेमार डोमाजी ढिवर माणसं बोटांनी मोजत. जाळ्याचं भोक मोजायची त्यांची तीच रीत होती. भोकात जितकी बोटं जातील, तितक्या बोटांचं ते जाळं. एकबोटी जाळ्यातून काहीच सुटत नाही, चारबोटीतून बरंचसं सुटतं. हेच माप ते गावाला लावत. मालगुजाराचा दिवाणजी एकबोटी, कारण त्याच्या मुठीतून वाळूचा कण गळत नसे. मी चारबोटी. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि नागपूरच्या एका साप्ताहिकाला गावच्या बातम्या पाठवत असे.

"मास्तरले सांगतलं का गेलं," ते माझ्यासमोरच सांगत. "अर्धं पाण्यात, अर्धं पेपरात."

माझी बायको कमल दोनबोटी ठरली होती. "बाई कामाचं ठेवते, बाकी सोडते." स्वतःच्या बायकोचं, फुलाबाईंचं माप मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घरच्या जाळ्याले कोणी मोजते का?"

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट आहे. दिवाळी होऊन गेली होती. कमल ओसरीवर बसून माझ्यासाठी स्वेटर विणत होती. तिच्या भावानं गोंदियाहून विटकरी रंगाची जाड लोकर आणून दिली होती. डोमाजी मासे द्यायला आले आणि सुयांकडे बघत उभे राहिले.

"बाई, हे गरम राहाते?"

"लोकर आहे. राहणारच."

"आन् मधात भोकं ठेवली त?"

"भोकं कशाला ठेवायची?"

डोमाजी खाली बसले आणि त्यांनी तक्रार मांडली. फुलाबाई नव्या नवरी होत्या तेव्हा तलावात त्यांचा डोंगा उलटला होता आणि त्या त्याखाली अडकल्या होत्या. लोकांनी बाहेर काढलं, पण तेव्हापासून अंगावर जड पांघरूण आलं की त्यांचा जीव घाबरा होई. गोधडी, घोंगडी, काहीही त्या झोपेत फेकून देत. वय झालं तशी थंडी बाधू लागली. मागच्या हिवाळ्यातला खोकला शिमग्यापर्यंत हटला नव्हता. आणखी एक असा हिवाळा यांना झेपणार नाही, असं वैद्यानं सांगितलं होतं.

"ते फेकते, ते खोकते, आन् झोप जाते माही," डोमाजी म्हणाले. "पतलं देलं त थंडी, जाड देलं त बोंब. मले जाडच पायजे, पण भोकाचं."

कमलनं शिकवायचं कबूल केलं आणि स्वेटरपुरती ठेवून उरलेली लोकर त्यांना दिली. जाळीची युक्ती सोपी होती. सुईवर लोकरीचा एक वेढा जास्त घ्यायचा आणि पुढचे दोन टाके एकत्र विणायचे, की भोक पडतं. डोमाजींनी अंगठ्याएवढ्या जाड बांबूच्या सुया स्वतः तासून आणल्या. पहिल्याच भोकात त्यांनी बोट घातलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे त झिंग्याचं झालं, बाई."

मग एकाऐवजी तीन वेढे घेतले. भोकात तीन बोटं गेली, तेव्हा त्यांचं समाधान झालं. एवढ्या मोठ्या भोकातून वारा आत येईल, असं कमलनं समजावून पाहिलं.

"येऊ दे. तीनच पायजे." कारण त्यांनी सांगितलं नाही.

तलावाच्या बांधावर, पाळीवर, इतर ढिवर जाळी दुरुस्त करत आणि त्यांच्या मधोमध डोमाजी शाल विणत बसत. लोकरीत कोणता मासा घावते, असं पोरं विचारत. उत्तर पलीकडून फुलाबाईच देत. "मलेच धरून राहिला म्हातारा. लगन करून एवढे साल झाले, त्याले आजून मासोळी घावल्यासारखं वाटत नाई."

थंडी पडायच्या आत शाल झाली. कमलच्या मते शिकाऊ हाताच्या मानानं ती चांगली होती. तिनं धुण्याबद्दल सूचना द्यायला हवी होती, पण असं काही होईल हे तिच्या मनात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी दारात आले. त्यांच्या हातात जेवायच्या पाटाएवढी एक जाड, तपकिरी वस्तू होती.

"बाई, भोकं कोठी गेली?"

नवं जाळं ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून घ्यायचं, नाहीतर ते कुजतं, हा ढिवरांचा नियम. डोमाजींनी शाल उकळली होती. वर बांबूनं चांगली घोटलीही होती. लोकर आटून शाल घट्ट झाली होती. भिंतीला टेकवली तर ती उभी राहिली.

"डोंग्यात बसाले बेस होईन," मी म्हणालो.

डोमाजी हसले नाहीत. एरवी मला चारबोटी म्हणायची ही संधी त्यांनी सोडली नसती. ते अंगणाकडे बघत म्हणाले, "थंडी त आली."

कमलच्या मांडीवर माझा स्वेटर होता. पाठ, पोट आणि एक बाही तयार होती. तिनं धाग्याचं टोक शोधलं आणि ओढलं.

"तुम्हाला कोट आहे," ती मला म्हणाली. मग डोमाजींकडे वळून, "बघता काय? गुंडाळा."

डोमाजींनी लोकरीचा गुंडा करायला घेतला. त्या आठवड्यात गावात कळलं की मास्तरीणबाई आता तीनबोटी झाल्या आहेत.

दुसरी शाल दोघांनी मिळून विणली. दोन तुकडे केले आणि मध्ये जोडले. जोड वाकडा आला. शाल उकळणार नाही, अशी तलावाची शपथ कमलनं डोमाजींना घ्यायला लावली.

पौष महिन्यात एका सकाळी मी पाळीकडे गेलो. पाण्यावर धुकं होतं. काठावर पालथ्या घातलेल्या डोंग्याला टेकून फुलाबाई उन्हात झोपल्या होत्या. गळ्यापासून पायांपर्यंत विटकरी शाल होती. त्या हिवाळ्यात त्यांचा खोकला फारसा ऐकू आला नव्हता. शेजारी डोमाजी जाळं सांधत होते, पण एकाच हातानं. जाळ्याचं दुसरं टोक त्यांनी पायाच्या बोटांत धरलं होतं. डाव्या हाताची तीन बोटं शालीच्या भोकातून आत गेली होती आणि आत फुलाबाईंनी ती मुठीत घट्ट धरली होती.

"एका हातानं काय चाललंय, डोमाजी?"

त्यांनी आवाज खाली आणला. "झोपेत ते भोक पायते. बाहेर जाले वाट हाये का नाई म्हणून हात फिरवते. बोटं लागली का मंग निजते." जरा थांबून ते म्हणाले, "हे पेपरात नोका टाकजा, मास्तर."

"टाका जी," फुलाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "म्हातारा उगाच लाजून राहिला."